ताईंनी कापलेल्या खाचा

ताई कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की बसायच्या आधी वर बघायच्या. भिंत जिथं छताला मिळते त्या रेषेवर नजर ठेवायची आणि ती चारी भिंतींवरून सावकाश फिरवून आणायची. घरच्या बाईला वाटायचं, ह्या जळमटं शोधतायत. कळमनुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी तर ओशाळून कंपाउंडरला झाडू आणायला पाठवलं होतं. ताईंना जळमटांशी काही देणंघेणं नव्हतं. स्लॅब भिंतीवर नीट टेकलाय की नाही एवढंच त्या बघायच्या, आणि समाधान झालं की मग पाणी प्यायच्या.

आमच्या ऑफिसात त्यांचं नाव खाचवाल्या ताई. ऑफिस म्हणजे कळमनुरीत बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून फवारणीच्या औषधांचा वास वर यायचा आणि वरून साहेबांची इंग्रजी खाली जायची. साहेब पुण्यात एका मोठ्या बांधकाम कंपनीत सात वर्षं काढून आले होते. ही सात वर्षं त्यांनी मार्केटिंगमध्ये काढली होती, हे आम्हाला बरंच उशिरा कळलं. पुण्याकडचे आर्किटेक्ट नकाशे पाठवायचे आणि आम्ही त्यांची संगणकात थ्रीडी इमारत उभी करून द्यायचो.

संगणकातली भिंत मोठी निलाजरी असते. पायापासून गच्चीपर्यंत ती सरळ चढत जाते, मधे स्लॅब आला तरी थांबत नाही. स्लॅबही खुशाल तिच्या पोटात शिरून बसतो. खऱ्या बांधकामात एका जागी वीट तरी असते नाही तर काँक्रीट तरी. संगणकाला त्याचं काही नाही, तो दोन्ही मोजून मोकळा होतो. म्हणून जिथं जिथं स्लॅब येतो तिथं तिथं भिंतीला बरोबर तेवढी खाच कापायची, की स्लॅब तिच्यात नीट बसला. ताई म्हणायच्या, "एका जागी दोघं न्हाई मावत. कुणीतरी सरकावं लागतं." आणि हे सरकवायचं काम आम्ही दोघी दिवसभर करायचो.

मी डिप्लोमा करून तिथं लागले तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं, "बघा, खरं तर हे एका माणसाचं काम आहे. सध्या हातानं होतंय म्हणून दोन खुर्च्या. उद्या स्पीड वाढला तर एकच राहील." हे ते इतक्या प्रेमानं बोलले की मी थँक्यू म्हणून उठले. अर्थ घरी गेल्यावर डोक्यात शिरला. घरी वडिलांनी आधीच जाहीर केलं होतं की नोकरी हाय तवर लग्नाचा विषय न्हाई, नोकरी गेली की पहिल्या स्थळाला हो म्हणायचं. आणि पहिलं स्थळ तयारच होतं. जिंतूरकडचा मुलगा, स्वतःचा जेसीबी, आणि माझ्या शिक्षणाबद्दल त्याचं मत असं की, "असू द्या की, कोण बघून राहिलंय." तेव्हा ती खुर्ची माझ्यासाठी काय होती हे वेगळं सांगायला नको.

दुसरी खुर्ची ताईंची. त्या एका सरकारी कचेरीत अनुरेखक म्हणून लागल्या आणि अनुरेखक म्हणूनच निवृत्त झाल्या. अनुरेखकाचं काम म्हणजे साहेबानं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि तो शाईनं जसाच्या तसा गिरवायचा. "साहेबाच्या कागदावर माशी मरून पडली असंल तर माशी बी गिरवायची," ताई सांगायच्या, "काहून म्हणून न्हाई इचारायचं." एकदा एका चौकीदाराच्या खोलीचं दार नकाशात उलटं उघडत होतं. ताईंनी ते सुलटं गिरवलं, तर त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. खोली बांधली गेली ती उलट्या दाराचीच. बत्तीस वर्षांत स्वतःच्या मनानं मारलेली तेवढीच एक रेघ, तीही खोडली गेली.

म्हणून की काय, संगणकात खाच कापायला मिळाली आणि बाई हरखून गेल्या. कापताना जिभेचं टोक दाताखाली धरायच्या आणि खाच पडली की पडद्यावर हळूच फुंकर मारायच्या. पूर्वी चुकलेली शाई ब्लेडनं खरवडून भुकटी फुंकून टाकायची, त्याची ही सवय. विटेची भुकटी पडते असं त्यांना वाटत असावं. महिन्याभरात मीही फुंकर मारायला लागले. साहेबांनी एकदा दोघींना फुंकताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त करून आणला.

शिकवायच्या मात्र जीव तोडून. एखादी खाच माझ्याकडून राहिली की खुर्ची सरकवून शेजारी यायच्या. "ही भिंत बघ. स्लॅब हिच्या छातीत घुसून राहिला अन् तू चहा पिऊन राहिलीस." मी म्हणायचे, ताई, चित्रातली भिंत आहे हो. "चितरातली म्हणून काय झालं? उद्या बांधणारा हेच चितर बघून बांधणार." बांधणारा आमचं चित्र उघडूनही बघत नाही हे दोघींना माहीत होतं. तरी मी कप खाली ठेवायचे.

एका रविवारी वडिलांनी जेसीबीवाल्यांना "नुसतं बघून जा" म्हणून बोलावलं. ऑफिसातलं वडीलधारं माणूस हवं म्हणून आईनं ताईंनाही बोलावलं. ताई आल्या, वर बघितलं, बसल्या. मुलाच्या वडिलांनी नव्या बंगल्याचं वर्णन सुरू केलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्लॅब भितीवर किती टेकलाय?" ते म्हणाले, टेकलाय की. "किती?" आता ते मुलाकडे बघायला लागले आणि मुलगा छताकडे. पुढचा पाऊण तास कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाप-लेक चहा अर्धा टाकून बंगला मोजायला गेले आणि निरोप आला की सहा महिन्यांनी बघू. ताईंनी हे मुद्दाम केलं की त्यांना खरंच इंच हवे होते, मला आजही सांगता येत नाही.

पण हातानं कापलेल्या खाचेत एक खोट असते. स्लॅब हलला तरी ती जागची हलत नाही. एका शाळेची इमारत आम्ही पुरी केली आणि पुण्याच्या आर्किटेक्टनं सगळे मजले अर्धा फूट वर घेतले. स्लॅब वर गेले, खाचा खालीच राहिल्या. प्रत्येक मजल्याला भिंतीतून चौफेर फट. साहेबांना काही उघडून बघायची सवय नव्हती. त्यांनी ती इमारत तशीच संस्थेच्या अध्यक्षांना मोठ्या टीव्हीवर दाखवली. अध्यक्ष म्हणाले, "ही फट कशापायी?" साहेब डोळ्याची पापणी न लववता म्हणाले, "क्रॉस व्हेंटिलेशन." अध्यक्ष खूश. म्हणाले, हे बरं केलं, उन्हाळ्यात लेकरं उकडून निघतात. पुढं ताईंनी एकेक खाच बुजवली, अर्धा फूट वर नवी कापली, आणि अध्यक्षांचा फोन आला की व्हेंटिलेशन कुठं गेलं. साहेब म्हणाले, "कन्सील्ड केलंय." अध्यक्ष आणखी खूश झाले. या सगळ्यात बारा दिवस गेले आणि साहेबांच्या तोंडी स्पीड हा शब्द दिवसातून दहादा यायला लागला.

आता माझं सांगते. त्याच सुमारास मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघताना मला ते बटण सापडलं. भिंत आणि स्लॅब निवडायचे, बटण दाबायचं, की जिथं दोघं भेटतात तिथं खाच आपोआप पडते. स्लॅब हलला तर खाचही त्याच्यामागं जाते. आमचं चार दिवसांचं काम चहा गाळायच्या आत होत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. हे साहेबांना कळलं तर एक खुर्ची जाणार, आणि गेली तर ती नव्या माणसाची, म्हणजे माझी. मी मोबाइल पालथा घातला आणि स्वतःला समजावलं की मी हे बिचाऱ्या ताईंसाठी लपवतेय. स्वतःला समजावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

एकदाच मोह झाला. एका दवाखान्याचं मॉडेल होतं. ताई डबा धुवायला गेल्या तेवढ्यात मी बटण दाबलं आणि मग संध्याकाळपर्यंत माउस फिरवत, फुंकरा मारत बसून राहिले. काम करण्यापेक्षा काम करतोय असं दाखवण्यात जास्त दमायला होतं. सरकारी माणसं का थकतात ते मला त्या दिवशी कळलं. ताईंनी मॉडेल तपासलं. जिन्यापाशी येऊन माउस थांबवला. मग म्हणाल्या, "चांगलं हाय. जिन्यापाशी एकदा बघून घे."

असं पुढं वर्षभर चाललं. आणि मग साहेब पुण्याहून दोन दिवसांचं शिबिर करून आले, ते थेट संगणकापाशी बसले. "मॅडम, इकडे या. तूपण ये. आयुष्यात पाहिलं नसेल असं दाखवतो." त्यांनी बटण दाबलं. तीन मजली इमारतीला आमच्या डोळ्यांदेखत खाचा पडल्या. मी तोंडावर हात नेला. ताई म्हणाल्या, "अगंबाई." साहेबांना दोघींचं आश्चर्य फार आवडलं. त्यांनी ते आणखी दोनदा करून दाखवलं आणि आम्ही आणखी दोनदा थक्क झालो. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, "सोमवारी बसू. एका खुर्चीचा विषय आता घ्यावा लागेल."

संध्याकाळी आम्ही नेहमीच्या एसटीत शेजारी बसलो. ताई आखाडा बाळापूरला उतरायच्या, मी त्याच्या अलीकडच्या फाट्यावर. गाडी गावाबाहेर पडली तशा ताई म्हणाल्या, "चांगलं आश्चर्य केलंस गं. हात तोंडावर नेलास ते जरा जास्ती झालं."

मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बटनाचं? तू यायच्या आदीपास्नं. अन् तुला ठाव हाय ते कळलं दवाखान्याच्या वक्ताला. जिन्यापाशी विटेनं काँक्रीट कापलं होतं, खाच भितीला पडायची ती स्लॅबला पडली. मानूस असं कापत न्हाई."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुला कशापायी घेतलं असतं त्यांनी? काम आवरत न्हाई, एक शिकलेली पोरगी द्या, असं मीच मागं लागले होते. पोरी शिकून घरी बसून राहतात ते बघवत न्हाई मला." तिकिटाची बारीक घडी घालत त्या पुढं म्हणाल्या, "अन् खोटं कशाला बोलू, मला बी गोडी लागली होती. बत्तीस वरीस दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या. खाच माजी होती."

मी म्हणाले, "मीपण तुमच्यासाठीच लपवलं, ताई." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीबाहेर. "व्हय," एवढंच म्हणाल्या. माझा फाटा आला आणि मी उतरले. दोन बायका वर्षभर शेजारी बसून एकच बटण एकमेकींपासून लपवत होत्या आणि साहेब त्याला टीमवर्क म्हणत होते. एरवी हसून लोळले असते. त्या दिवशी घरापर्यंत चालत गेले ते सोमवारचाच विचार करत.

सोमवारी ताई आल्या त्या एक कागद घेऊन. बटण कुठं कुठं चुकतं त्याची यादी. जिन्याचा मधला टप्पा, संडासाचा खाली घेतलेला स्लॅब, बाहेर निघणारी बाल्कनी, वीट आणि काँक्रीटची भिंत एकमेकींना भिडते तो कोपरा, अशा चौदा जागा, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. मला म्हणाल्या, "टाइप करून दे." मी केली. खाली त्यांचं नाव टाकायला गेले तर म्हणाल्या, "तुजं टाक." मी म्हणाले, असं कसं. "टाक म्हणलं की टाकावं. मला पेन्शन हाय."

केबिनमध्ये साहेबांनी यादी हातात घेतली, ओळी मोजल्या, शेवटचं नाव वाचलं. "हे तू शोधलंस?" ताईच बोलल्या, "पोरीनंच साहेब. तुमी बटन दावलं तवापास्नं शोधून राहिली." साहेब माझ्याकडं बघत होते. मला नुसतं 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण मला जेसीबी दिसला, वडील दिसले, आणि मी मूग गिळून बसले. साहेब म्हणाले, बटणाला तपासणारं माणूस लागणारच, ही राहील. मग ताईंकडं वळून म्हणाले, मॅडम, तुम्ही आता आराम करा. ताई म्हणाल्या, "बराबर हाय."

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, वर साहेबांचं भाषण. ताईंनी नव्या तंत्रज्ञानाला मोठ्या मनानं वाट करून दिली, जुन्या पिढीला संगणक कळत नाही पण माया कळते, असं ते म्हणाले. टाळ्या वाजवायला मी, खालचा दुकानदार आणि त्याचा हमाल. ताई नारळ मांडीवर घेऊन शहाण्या मुलीसारख्या ऐकत होत्या. मी एकदाही त्यांच्याकडं सरळ बघितलं नाही.

साहेबांनी ती यादी लॅमिनेट करून दर्शनी भिंतीवर लावली, खाली माझं नाव ठळक करून. आल्यागेल्याला तिच्यापुढं उभं करतात. माझा पगार वाढला, जेसीबीवाल्याचं दुसरीकडं जमलं, वडील गावात सांगत फिरतात की आमच्या पोरीनं कंप्युटरच्या चुका काढल्या. दोन वर्षांनी ताई पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन ऑफिसात आल्या, तेव्हा साहेबांनी त्यांनाही यादीपुढं नेलं. "बघा मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीची कमाल." ताईंनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखी ती वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाल्या, "एक राहिलंय. गच्चीच्या कठड्याची भित, पॅरापेट. तिथं बी फसतं बटन."

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, ही यादी ताईंची आहे. मी फक्त टाइप केली. त्या दिवशी मी बोलले नाही." साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग ताईंकडं, आणि त्यांचा चेहरा फुलला. "याला म्हणतात संस्कार," ते म्हणाले, "श्रेय घेत नाही पोरगी. शिका जरा हिच्याकडून." हे ते चहा-झेरॉक्ससाठी नव्यानं ठेवलेल्या मुलाला सांगत होते. ताई म्हणाल्या, "व्हय साहेब. गुणी हाय."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. म्हणाले, "ताई, मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

"तवा बोलली असतीस तर मी तुला खोटी पाडली असती," त्या म्हणाल्या. "जा, काम पडलंय." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरल्या.

हे ऐकून माझं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. त्यांनी खोटं पाडलं असतं ही त्यांची गोष्ट. मी गप्प बसले ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही, मला खुर्ची हवी होती म्हणून. त्याच दुपारी मी यादी भिंतीवरून उतरवली, शेवटी पंधरावी ओळ पॅरापेटची घातली, तळाचं माझं नाव काढलं, तिथं ताईंचं पूर्ण नाव टाकलं, पुन्हा लॅमिनेट करून त्याच खिळ्याला लावली. त्याला आठ महिने झाले. साहेब रोज कुणाला ना कुणाला तिच्यापुढं उभं करतात आणि माझ्याकडं बोट दाखवून सांगतात की हे हिनं केलंय.